माई काय करायची?

माई, माझी आजी, गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी काका मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म घेऊन बसले. नाव, वय, पत्ता, आजोबांचं नाव भरून झालं आणि ते एका रकान्यापाशी थांबले. मृत व्यक्तीचा व्यवसाय. काही नसेल तर तसं लिहा, अशी कंसात सूचना. काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "घरीच होती ना. नाही असं लिही." काकांनी लिहिलं.

मी तिथेच होते, समईत तेल घालत होते. मलाही तेव्हा काही खटकलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातला दोष काका-बाबांच्या माथी मारून मला मोकळं व्हायचं नाही. माईच्या मशीनच्या आवाजात मी अभ्यास केला, तिनं शिवलेले चणियाचोळी घालून दहा-बारा नवरात्रं गरबा खेळले, आणि तरी 'व्यवसाय : नाही' हे शब्द मला साफ बरोबर वाटले.

तेराव्यानंतर तिची खोली आवरायला घेतली. पायमशीनच्या खणात बॉबिन, खडूचे तुकडे, मेजरटेप आणि त्याखाली वह्या होत्या. सव्वीस. लांबट, कापडी पाठीच्या, वाण्याच्या दुकानात असतात तशा. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर 'श्री गुरुदेव दत्त' आणि साल. आत डाव्या बाजूला गिऱ्हाइकाचं नाव, मग मापं, मग शिलाईचा दर, मग जमा आणि बाकी. माईचा जन्म मेहसाण्याचा. तिचे वडील बडोदे संस्थानच्या नोकरीत होते आणि ती चौथीपर्यंत तिथल्या गुजराती शाळेत शिकली. त्यामुळे हिशेब सगळा गुजरातीत आणि शेरे मात्र मराठीत. 'डावा खांदा उतरता, लक्षात ठेवणे.' 'लग्न २१ तारखेला, हे आधी.' 'मुलगी वाढीची आहे, शिवणीत कापड जास्त सोडणे.' एका पानावर तीन ब्लाऊजची शिलाई बाकी दिसते आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, 'मागू नये. नवरा गेला.' पैसे आले की त्या ओळीवर निळ्या पेन्सिलीनं एक तिरकी रेघ. या ओळीवर रेघ नाही.

मी १९८१ ची वही घेऊन बेरीज केली. तीन हजार एकशे चाळीस रुपये. आजोबा तेव्हा एका कचेरीत कारकून होते. त्यांचा महिन्याचा पगार साडेसातशेच्या आसपास होता असं बाबा सांगतात, म्हणजे वर्षाचे नऊ हजार. घरात येणाऱ्या दर चार रुपयांतला एक रुपया माईच्या मशीनवरून येत होता. काकांच्या पॉलिटेक्निकची फी त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली आहे.

या एक चतुर्थांशाला आमच्या घरात एक शब्द होता, हातभार. 'माईनं संसाराला हातभार लावला.' शब्द प्रेमाचा आहे, मी तो हजारदा वापरला असेन. पण तो कुणासाठी वापरतो हे पाहावं. आजोबांनी संसाराला हातभार लावला असं कुणी म्हणत नाही. ते नोकरी करत होते. हातभार लावणाऱ्याचं मुळात ते काम नसतं. ओझं दुसऱ्याचं असतं आणि तो वाटेत खांदा देतो. माईनं चाळीस वर्षं मापं घेतली, कापड बेतलं, उधारी सांभाळली, दर वाढवले, दिवाळी-नवरात्रीच्या तारखा पाळल्या. याला मराठीत धंदा म्हणतात. तिच्या बाबतीत आपण तो शब्द उच्चारत नाही, कारण ती तो घरात बसून करत होती आणि बाई होती.

आणि लपवून करत होती, हेही लिहायला हवं. बडोद्याच्या दांडिया बाजारामागच्या आमच्या वाड्यात गिऱ्हाइकं मागच्या दारानं यायची, अकरा वाजल्यानंतर, आजोबा कचेरीत गेले की. साडेपाचला माई मशीनवर चादर टाकायची आणि त्यावर तांब्याभांडं ठेवायची, की ते नुसतं टेबल दिसावं. आजोबांना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही, फी कुठून भरली जाते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण कुणी कचेरीतला माणूस चहाला आला तर त्याच्या डोळ्यांसमोर बायको शिवताना दिसू नये, एवढाच त्यांचा आग्रह. आजोबा वाईट नव्हते. त्या काळच्या मध्यमवर्गीय मराठी घरात, आणि बडोद्यातल्या आमच्यासारख्या कारकुनी घरांत तर फारच, बायकोनं पैसे मिळवणं म्हणजे नवऱ्याला कमी पडतंय याची जाहिरात वाटायची. ती लाज आजोबांची होती आणि तिच्यावर चादर टाकण्याचं काम माईचं. आज ते दोघंही नाहीत. पण फॉर्मवर 'नाही' लिहिताना आम्ही तीच चादर पुन्हा एकदा टाकली.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते भावनेपुरतं नाही. बायकांचं काम सरकार मोजत नाही अशी तक्रार आपण करतो. ती खरी आहे. पण सरकारच्या आधी ते आपल्या घरात मोजायचं राहतं. सरकारच्या कागदावर जातं ते घरच्यांनी दिलेलं उत्तर. ते उत्तर सुधारणं आपल्या हातात आहे आणि त्याची वेळ जवळ आली आहे. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचा माणसं मोजण्याचा टप्पा आहे. कुणीतरी दारात येईल आणि घरातल्या प्रत्येकाविषयी विचारेल, हे काय करतात?

२०११ च्या जनगणनेतली कामाची व्याख्या मी मुद्दाम वाचली. मोबदला मिळो वा न मिळो, उत्पन्नाशी जोडलेल्या कुठल्याही कामातला सहभाग म्हणजे काम. घरच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेली मदतसुद्धा त्यात धरलेली. वर्षातून सहा महिने किंवा जास्त काम केलेलं असेल तर मुख्य काम करणारे, त्याहून कमी असेल तर सीमांतिक, पण दोघेही काम करणारेच. या व्याख्येत माई पहिल्या रांगेत बसते. उन्हाळ्यात दोन महिने पापड लाटून विकणारी बाईसुद्धा बसते. तरीही २०११ मध्ये देशातल्या १०० पुरुषांमागे ५३.३ काम करणारे निघाले आणि १०० बायकांमागे २५.५. या फरकाला कारणं पुष्कळ आहेत. शिक्षण, रोजगार, लहान मुलं, रस्त्यावरची असुरक्षितता. पण आमच्या घरासारखी घरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून सांगते, त्यातला काही भाग नक्की दारातल्या उत्तराचा आहे. "आमच्या हिला कुठे काय? घरीच असते."

नुसत्या घरकामाचं काय, असा पुढचा प्रश्न येतोच. जनगणनेत घरकाम करणारी बाई काम न करणाऱ्यांत जाते. २००१ च्या जनगणनेत तर अशा बायकांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या बरोबरीनं बसवलं होतं, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याबद्दल कडक शब्दांत नापसंती नोंदवली. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयानं अपघातात गेलेल्या गृहिणीची नुकसानभरपाई ठरवताना तिचं काल्पनिक उत्पन्न धरलंच पाहिजे असं ठासून सांगितलं. त्या निकालात एक आकडा आहे: २०११ मध्ये सुमारे १५.९८ कोटी बायकांनी घरकाम हेच आपलं मुख्य काम सांगितलं, पुरुषांनी ५७.९ लाख. वेळेचा हिशेबही आता उपलब्ध आहे. सरकारच्याच २०२४ च्या वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात. असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं.

माईची ही मिनिटं शिवणाच्या आधी आणि नंतर होती. पहाटे पाणी, दूध, डबे, पोळ्या. मग मशीन. मग पुन्हा स्वयंपाक. नवरात्रीच्या आधीचे दोन महिने ती रात्रीची जेवणं झाल्यावर पुन्हा मशीनवर बसायची. चणियाचा घेर मोठा, कळ्या पुष्कळ, आणि सगळ्यांना पहिल्या रात्रीआधी हवं. मला आठवतं ते तिचं बसणं. उजवा पाय पायडलवर पुढे, डावा थोडा मागे, मान खाली, तोंडात दोन टाचण्या. घेराची शेवटची टीप मारताना ती श्वास रोखायची आणि दोरा दातानं तोडूनच सोडायची.

सत्तरीत तिची मान आणि गुडघे गेले. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करत होतात? माई काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "काही नाही, घरीच असते." मग औषध वयाचं मिळालं. डॉक्टरांचा काय दोष, त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी निदान केलं. नोंद नसण्यानं काय बिघडतं असं जे विचारतात त्यांना मी ही गोष्ट सांगते. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत २०२३ पासून १८ पारंपरिक धंद्यांत दर्जीकाम आहे. शिकवणं, अवजारांसाठी मदत, तारणाशिवाय कर्ज, सगळं कागदावर आहे. असंघटित कामगारांसाठी २०२१ पासून ई-श्रम नोंदणी आहे. पण जिच्या घरातच तिचा धंदा 'नाही' आहे, ती त्या फॉर्मपर्यंत पोचणार कशी?

हे सगळं बडोद्यात व्हावं याचं मला अधिक वाईट वाटतं. सयाजीरावांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं, मुलांना आणि मुलींनाही. माई चौथी शिकली ती या परंपरेत. तिला मापं लिहिता आली, उधारी लिहिता आली, म्हणून तिचा धंदा टिकला. अंगठा उठवणाऱ्या बाईला चाळीस वर्षांचा हिशेब ठेवता आला नसता. आणि याच शहरात १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाईंनी बायकांसाठी संस्था काढली तिचं नाव ठेवलं स्त्री उद्योगालय. नावाकडे नीट पाहा. शिवण, भरतकाम, खाद्यपदार्थ, जी कामं घरोघरी बायका करत होत्या, त्यांना शंभर वर्षांपूर्वी एका बाईनं उद्योग म्हटलं. पाटीवर लिहिलं. याच चिमणाबाई पुढे १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. शहराच्या पाटीवर आलेला शब्द आमच्या वाड्याच्या मागच्या दारापर्यंत पोचायला शंभर वर्षं पुरली नाहीत. माईला त्या संस्थेत जायचं होतं, आत्या सांगते. आजोबा नको म्हणाले.

आता श्रद्धेविषयी. माईसाठी वर्तमानपत्रात जो मजकूर दिला त्यात 'धर्मपरायण, कुटुंबवत्सल, प्रेमळ' असं लिहिलं होतं. त्यातलं काहीही खोटं नाही. ती दत्ताची होती, जन्मभर. गरुडेश्वरला टेंबेस्वामींच्या समाधीला वर्षातून एकदा, नारेश्वरला जमेल तेव्हा. टेंबेस्वामींनी देह ठेवला तेही १९१४ साल, उद्योगालय निघालं तेच. नारेश्वरच्या रंग अवधूत महाराजांची दत्तबावनी तिला पाठ होती. मराठी घरात जन्मलेल्या माणसानं गुजरातीत लिहिलेली दत्ताची स्तुती, बावन्न ओळींची. माईसारख्या बाईला ती भाषेनंही आपली वाटायची. गुरुवारी नव्या कापडाला कात्री लावायची नाही हा तिचा नेम. मग गुरुवारी काजे-बटणं, हातशिलाई, फॉल लावणं. सुई आत जाताना एक ओळ, बाहेर येताना दुसरी. तिची भक्ती आणि तिचं काम यांच्यात मला कधी शिवण दिसली नाही. 'मागू नये. नवरा गेला' हा शेरा तिच्या भक्तीतला की धंद्यातला, हे मला वेगळं काढता येत नाही.

म्हणूनच त्या मजकुरातले तीन शब्द मला अपुरे वाटतात. कुटुंब आलं, देव आला, काम राहिलं. आपल्या आज्यांविषयी लिहिताना आपण नेहमी असंच करतो. त्यांच्या श्रमाला त्याग म्हणतो, आणि त्याग म्हटलं की तास विचारायचे नसतात, दर विचारायचा नसतो, पाठ दुखते का हेही विचारायचं नसतं. माईनं पुष्कळ त्याग केला असेल. पण शिवण हा तिचा त्याग नव्हता. तिला ते काम आवडायचं. पैसे आवडायचे. एखादीच्या अंगावर ब्लाऊज नेमका बसला की ती दोन पावलं मागे जाऊन बघायची, आणि तिच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला मी त्याग म्हणणार नाही.

आत्याला माझं हे सगळं पटत नाही. ती म्हणाली, "माईनं कधी तक्रार केली का? आईच्या प्रेमाला भाव लावायला निघालीस तू." तिचं म्हणणं मी झटकत नाही, कारण माईला तिनं माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. पण भाव लावणं आणि नोंद करणं या दोन गोष्टी आहेत. वहीत 'मागू नये' लिहिणाऱ्या बाईला त्या ओळीचे पैसे नको होते, तरी तिनं ती ओळ खोडली नाही. काम केलं, हे तिनं लिहून ठेवलं. मी तेवढंच मागते आहे. शिवाय तक्रार केली नाही म्हणून काम नव्हतं, हा कुठला न्याय? आजोबांनीही तक्रार केली नव्हती. त्यांच्या फॉर्मवर 'निवृत्त नोकरदार' लिहिलंय.

दुसरी भीती जास्त व्यवहारी आहे आणि ती घराघरांत आहे. जनगणनेत उत्पन्नाचं काम सांगितलं तर कर लागेल, रेशनकार्डावर परिणाम होईल, कुणी चौकशीला येईल. जनगणनेचा कायदा १९४८ चा आहे आणि त्याच्या पंधराव्या कलमात साफ लिहिलंय की ही माहिती गुप्त राहते. ती कुणाला पाहायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. घरोघर जाऊन हे समजावण्याचं काम आपल्या मंडळांनी केलं पाहिजे. बडोद्यात मराठी मंडळी गणपती, कोजागरी, हळदीकुंकू सगळं निगुतीनं करतात. यंदाच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर एवढं एक वाक्य द्यावं: विचारायला आले तर तुम्ही जे करता ते स्वतःच्या तोंडानं सांगा, घरच्या पुरुषावर सोपवू नका.

मी सुरुवात आमच्या काकूपासून केली. काकू चोपन्न वर्षांची आहे. गेली अकरा वर्षं ती युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलांना डबे देते, सध्या बावीस. सकाळी सहाला कणीक, साडेदहाला डबे बांधून तयार, एक मुलगा स्कूटरवरून घेऊन जातो. त्याचा पगार ती देते. तेलाचे डबे ठोकनं आणते, महिन्याची वसुली मोबाइलवर घेते. परवा रात्री तिला विचारलं, "काकू, जनगणनेवाले आले आणि विचारलं काय करता, तर?"

"मी? मी घरीच असते."

मग मी माईची १९८१ ची वही आणून तिच्यासमोर ठेवली. काकूला गुजराती माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं. तिनं चार-पाच पानं उलटली, एका नावाशी थांबली आणि म्हणाली, "ह्या तर समोरच्या गल्लीतल्या बेन." बराच वेळ ती वही बघत होती. काका बाहेरच्या खोलीत बातम्या लावून बसले होते.

"मग काय सांगू?" तिनं हळू आवाजात विचारलं. "डबे देते म्हणू?"

"खानावळ चालवते म्हण."

"खानावळ," ती म्हणाली. एकदा, मग पुन्हा एकदा, तोंडात कसा बसतो बघावा तसा. "ह्यांना काय वाटेल?" आणि उठून सकाळच्या चवळीला पाणी घालायला गेली. वही मात्र ओट्याशेजारी, पिठाच्या डब्यावर तशीच उघडी ठेवून.